खळ्यावरची आठवी

माझे वडील हायस्कूलच्या दारात चपला काढून मगच आत जात. पाऊस असो, चिखल असो, जिल्ह्याचा कुणी साहेब सोबत असो, चपला बाहेर. त्यांच्या सत्काराच्या सभेत एक वक्ते म्हणाले की मास्तरांनी शाळेला देऊळ मानलं. पुढं शोकसभेतही दुसऱ्या एकानं तेच सांगितलं आणि लोकांनी माना डोलावल्या. मी पुढच्या रांगेत बसून दोन्ही वेळा ऐकून घेतलं. देऊळबिऊळ काही नव्हतं ते. त्या चपला कुणी काढायला लावल्या ते मला माहीत आहे, कारण मी तिथं होते.

बाबा आमच्या गावचे सरपंच होते, पंचायत समितीवर निवडून गेले, मग सभापती झाले. गावात मात्र त्यांना शेवटपर्यंत मास्तरच म्हणत. तरुणपणी माकुणसारच्या शाळेत त्यांनी काही वर्षं मुलं शिकवली होती, तेवढ्यावर हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पदं आली आणि गेली. नोकरी त्यांनी निवडणुकीसाठी सोडली, त्यामुळं घरात पगार नव्हता. मान भरपूर होता. मान शिजत नाही, असं आई म्हणायची, आणि सुपातले बोंबील निवडायला घ्यायची.

आमचं गाव दर्यावरचं. एका अंगाला दांडी गाव, दुसऱ्या अंगाला काही अंतरावर घिवली. पुरुष होड्यांवर, बाया किनाऱ्यावर. आलेलं म्हावरं, म्हणजे मासळी, ओलं विकायचं ते विकायचं, बाकीचं सुकवायचं, आणि पावसाळाभर ते सुकं पालघर-बोईसरच्या बाजारात नि डोंगराकडच्या गावांत नेऊन विकायचं. आमचं घर आईच्या सुक्यावर चाले. बाबांच्या पांढऱ्या लेंग्याला जी नीळ लागे तीसुद्धा बोंबलांतूनच येई. हे बाबांना ठाऊक होतं. फक्त त्यांच्या भाषणात ते कधी यायचं नाही.

गाव आणि वाळू यांच्या मधे एक सपाट, झाडून-सारवून लख्ख केलेली जागा होती. ते आमचं खळं. शेताचं नव्हे, मासळीचं. तिथं बांबू उभे रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या असत, त्या मांडणीला वलांडी म्हणत. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. लहानपणी मला वाटे, बोंबील जन्मतातच असे जोडीनं. खाली जमिनीवर बारीक कोळंबीचा जवळा पसरलेला असे. प्रत्येक घराची जागा ठरलेली होती. कुंपण नाही, कागद नाही, जुन्या वल्ह्याचा एखादा तुकडा पुरून ठेवलेला, तीच हद्द.

ही जागा बायांची होती. घर नवऱ्याच्या नावावर, होडी सासऱ्याच्या, पण खळ्यावरची जागा सासूकडून सुनेकडं येई. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात सासू सुनेला तिथं नेई, तिच्या हातून बोंबलांची पहिली जोडी दोरीवर टाकवून घेई, की झालं. त्या दिवसापासून सुनेचा त्या जागेवर हक्क. होडीवर बाईनं चढायचं नाही हे तर सगळ्या किनाऱ्याला माहीत आहे. आमच्याकडं त्याची परतफेडही होती. खळ्यावर पुरुषानं न विचारता पाय ठेवायचा नाही. बांबू ठोकायला बोलावलं तरी काठावर चपला काढायच्या आणि ‘येऊ काय?’ म्हणून विचारायचं. बाबांचा बाप, म्हणजे माझा आजा, तांडेल होता, अख्खी होडी त्याच्या शब्दावर चाले. तोही तिथं उभा राहून विचारायचा.

त्या वर्षांत घिवलीच्या पलीकडं अणुवीज केंद्राचं काम निघालं होतं. सुरुंगांचे आवाज आमच्या गावापर्यंत येत. बोईसरच्या रस्त्यावर ट्रकांची रीघ लागली, लांबलांबचे कामगार आले, चहाच्या टपरीवर हिंदी ऐकू येऊ लागली. गावातली पोरं माती वाहायला जाऊ लागली आणि रोख हातात पडतं म्हणून खूश होती. बाबा नव्हते. ते म्हणत, आपल्या दारात एवढं मोठं काम उभं राहतंय आणि आपली पोरं तिथं घमेलीच उचलणार, खुर्च्यांवर दुसरेच बसणार, कारण आपल्याकडं मॅट्रिक झालेलं माणूस शोधून सापडत नाही. गावची शाळा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल तारापूरला नाही तर बोईसरला. मुलगे खाडी उतरून चालत जायचे, त्यातले निम्मे पावसाळ्यात गळायचे. मुली जातच नसत. सातवी झाली की खळं.

मी त्या वर्षी सातवीला होते. माझ्याबरोबर माझी मैत्रीण होती, शेजारच्या घरातली. तिचे वडील एका वादळात होडीसकट गेले होते, घरी आई आणि ती, दोघीच. खळ्यावरही त्यांची जागा आमच्या जागेला लागून. शाळेत ती नेहमी पहिली, मी दुसरी. गणितात तर तिच्या जवळपासही मी नव्हते. जवळा पसरता पसरता ती उदाहरणं तोंडी सोडवायची आणि मी पाटी घेऊन बसलेली असायचे, आणि तरी उत्तर तिचं आधी. मला राग यायचा. राग मला लवकर येतो, तेव्हाही यायचा. पण बसायचं तिच्याशेजारीच. आठवीत गेलो तर एकाच बाकावर बसायचं, हे आमचं ठरलेलं होतं. आठवी कुठं आहे, हा प्रश्न आमच्या डोक्यात नव्हता. तो बाबांचा प्रश्न होता.

बाबांनी त्याचं उत्तर काढायला घेतलं. गावातल्या लोकांना धरून एक शिक्षण मंडळ स्थापलं. बोईसरहून गाडी पकडून पालघरला, तिथून ठाण्याला, अशा खेपा घातल्या. शेवटी वरून शब्द मिळाला की जागा दाखवा, जूनपर्यंत छप्पर उभं करा, आठवीचा वर्ग तुमच्या गावाला. नाही जमलं तर दुसरं गाव तयार आहे. त्या हिवाळ्यात बाबा नुसते जागेच्या मागं होते. गावात सपाट, भरतीचं पाणी न चढणारी, रस्त्याला लागून अशी जागा एकच होती, आणि तिच्यावर बोंबील वाळत होते.

बाबांनी जमातीची बैठक बोलावली. म्हणजे पुरुषांची, आमच्याकडं जमात म्हणजे पुरुषच. ते चांगलं बोलत, त्या दिवशी फारच चांगलं बोलले असावेत. खळ्याची गावाकडची रांग शाळेला द्यायची, त्या रांगेतल्या घरांना मागं ताडांच्या आड दुसरी जागा द्यायची, असं एकमतानं ठरलं. बाबा पेढे घेऊन घरी आले. मी उंबऱ्यातच उडी मारली. आई चुलीपुढं होती. तिनं पेढा घेतला, खाल्ला नाही, देवळीत ठेवला.

“कोनाची जागा दिली?” तिनं विचारलं.

“जमातीची.”

“जमात बोंबील वालवते काय?”

बाबा हसले. त्यांना वाटलं ती थट्टा करते आहे. मग त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं, अणुवीज केंद्र, मॅट्रिक, मुलींचं भवितव्य, जसं बैठकीत सांगितलं असेल तसं. आई भाकऱ्या थापत राहिली. सभापतीपदाच्या नादात हा माणूस आपल्याच बापाच्या चपला विसरला, हे तेव्हा माझ्या लक्षात यायचं कारण नव्हतं. मला आठवी दिसत होती.

काही दिवसांनी पालघरहून ओव्हरसीयर आले. त्या दिवशी होड्या खोल गेल्या होत्या, खळं बरंचसं रिकामं होतं. त्यांनी फीत धरली, खुंट्या मारल्या, चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढल्या. बाबा चपलांसकट मधोमध उभे राहून, इथं आठवी, इथं नववी, इथं मास्तरांची खोली, असं दाखवत होते. मी आणि माझी मैत्रीण काठावरून बघत होतो. तिनं चुन्याच्या रेघेवरून नजर फिरवून सांगितलं की वर्गात एवढी एवढी मुलं बसतील. ओव्हरसीयरांनी पुढं तोच आकडा सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेघा दिसेनात. रात्री होड्या आल्या होत्या आणि बायांनी खळं नेहमीसारखं झाडून घेतलं होतं. खुंट्या उपटून नीट एका बाजूला रचून ठेवलेल्या. जिथं आठवी होती तिथं जवळा पसरलेला, जिथं नववी होती तिथं वलांडीवर बोंबील. कुणी घोषणा देत नव्हतं, कुणी आडवं पडलं नव्हतं. बाया काम करत होत्या. मधोमध माझी आई बसली होती आणि जबड्यात जबडा अडकवत होती.

ओव्हरसीयर नाकाला रुमाल लावून रस्त्यावर थांबले. बाबा तरातरा चालत आले, खळ्यात दोन पावलं टाकली, आणि एका म्हातारीनं मान वर न करता म्हटलं,

“मास्तर, चपला.”

बाबा तिथंच थांबले. मी त्यांना सभेत, भांडणात, तहसील कचेरीत पाहिलं होतं, पण असे कधी पाहिले नव्हते. ते वळले आणि निघून गेले. आईनं बघितलंसुद्धा नाही.

ही बातमी बोईसर काय, पालघरपर्यंत गेली. सभापतींच्या शाळेवर सभापतीणबाईंनी बोंबील टाकले, असं लोक हसत हसत सांगत. विरोधकांना तर पर्वणीच. घरात आई-बाबा एकमेकांशी बोलेनात. म्हणजे ताट वाढलं जाई, पाणी तापवलं जाई, पण शब्द नाही. दिवस जात होते आणि जून काही थांबणार नव्हता. मी पूर्ण बाबांच्या बाजूची. एका दुपारी खळ्यावरच मी आईवर तुटून पडले. तुला मला शिकवायचंच नाही, तुला मी इथं तुझ्यासारखी घाण वासात बसलेली हवी आहे, असं काहीबाही बोलले. बाकीच्या बाया ऐकत होत्या. आईनं हातातली जोडी दोरीवर टाकली.

“मला कोनी इचारलं असतं तर मी दिली असती,” ती म्हणाली. “न इचारता घेतली तर ती चोरी. मंग घेनारा तुजा बापूस असो.”

 मला रडू आलं, आणि ते रागाचं होतं की कशाचं ते आजही सांगता येत नाही. माझी मैत्रीण शेजारच्या जागेवरून उठून आली आणि माझ्या हातातल्या बोंबलांच्या राहिलेल्या जोड्या तिनं लावून टाकल्या.

बाबा खळ्यावर आले ते त्यानंतर थोड्याच दिवसांनी. सकाळची वेळ, ऊन चढत होतं, बहुतेक सगळ्या बाया हजर होत्या. बाबा एकटेच आले. काठावर चपला काढल्या आणि विचारलं, “येऊ काय?”

बायांनी हातातलं काम सोडलं नाही. ते उभे राहिले. वाळू तापली होती, पाय भाजत असणार, पण हलले नाहीत. बऱ्याच वेळानं ती म्हातारी म्हणाली, “ये.”

बाबा आत आले आणि खाली बसले. भाषण केलं नाही. मला भीती होती की आता भाषण करतील.

“मी तुमची जागा दुसऱ्यांकडं मागितली,” ते म्हणाले. “चुकलं माझं. आज तुमच्याकडं मागतो. नाय म्हनालात तर नाय.”

मास्तरकीनंतर बाबा घरीदारी पुस्तकी बोलत. त्या दिवशी त्यांच्या तोंडून आजाची बोली ऐकली.

मग बायांनी त्यांची चांगली उलटतपासणी घेतली. शाळेत पोरींना घेणार की नुसत्या पोरांना? मासळी आली की पोरींना घरी सोडणार काय? बाबा सांगत गेले. मग म्हातारीनं विषय काढला तो वाऱ्याचा. ताडांच्या मागं जी जागा देता तिथं वारा नाही, बोंबील ऊन खात नाही, वारा खातो, तिथं तो सुकणार कसा? बैठकीत एकाही पुरुषानं हे विचारलं नव्हतं. बाबांनी ताडांकडं वळून पाहिलं. मग म्हणाले की ताडांची आणि केवड्याची ती रांग सरकारी बांधावरची आहे, तिच्यात वाऱ्यापुरती वाट पाडायची परवानगी मी आणतो. हा शब्द त्यांनी तिथं दिला. मनापासून दिला, यात मला कधी शंका आली नाही.

कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना. तेव्हा आई उठली. तिनं आपल्या वलांडीची दोरी सोडली, वेटोळं केलं आणि बांबू हलवून हलवून उपटायला लागली. “माजी मी देते,” ती शेजारणीला, माझ्या मैत्रिणीच्या आईला म्हणाली. “तुजं तू बग.”

शेजारणीचा नवरा होडीसकट गेलेला, त्यामुळं तिच्याकडं ना होडी, ना दर्यातला वाटा. किनाऱ्यावर म्हावरं विकत घ्यायचं आणि सुकवून विकायचं, एवढंच तिच्या हातात. ती बराच वेळ आपल्या जागेकडं बघत बसली. मग तिनं बाबांना विचारलं, “माजी पोर पयल्या बाकावर बसंल?”

“बसंल,” बाबा म्हणाले.

तिनंही दोरी सोडली. मग रांगेतल्या बाकीच्यांनी. मी आणि मैत्रिणीनं बांबू खांद्यावर टाकून ताडांच्या मागं नेले, आणि आम्ही वाटेत इतक्या हसत होतो की एक बांबू दोनदा पडला. आईच्या चेहऱ्याकडं मी तेव्हा पाहिलं नाही.

पुरुषांनी हे होड्यांवरून पाहिलं होतं. जमातीनं एकमतानं दिलेली जागा मास्तर बायांपुढं बसून पुन्हा मागतो, म्हणजे जमातीची किंमत काय राहिली? हा सल त्यांच्या मनात बसला तो बसलाच. तोंडावर कुणी बोललं नाही. भिंतींना विटा आल्या, कौलं आली, डोंगराकडची कुटुंबं मजुरीला आली, गावातल्यांनीही वाळू वाहिली. जूनच्या आत छप्पर उभं राहिलं आणि आठवीचा वर्ग सुरू झाला.

पहिल्या बाकावर आम्ही दोघी. मातीची जमीन चोपून सारवली होती, तरी पावसात खिडक्या लावल्या की तिच्यातून बोंबलाचा वास वर येई. इंग्रजी शिकवायला आलेले सर घाटावरचे होते. त्यांनी पहिला महिनाभर उदबत्ती लावून पाहिली. मग उदबत्तीचा आणि बोंबलाचा मिळून जो वास झाला त्यापेक्षा नुसता बोंबील बरा, असं तेच म्हणाले. बीजगणित आलं तेव्हा माझी मैत्रीण त्याच्यावर अशी काही खूश झाली की सर फळ्यावर अर्धं लिहीत आणि तिच्याकडं बघत. मी तिच्या वहीत बघत असे.

पाऊस संपला, बोंबलांचा हंगाम आला. ताडांमागच्या जागेत वारा खरंच नव्हता. बोंबील दोरीवर लोंबत राहत, हिरवट होत, त्यांच्यात किडे पडत. पाट्याच्या पाट्या वाडीवाल्यांना खतासाठी द्याव्या लागल्या. आईनं सुकवणं कमी केलं आणि ओलं म्हावरं डोक्यावर घेऊन बोईसरच्या कामगार वस्तीत जायला लागली. सभापतींची बायको पाटी घेऊन ‘मच्छी ताजी हाय, लेव’ म्हणत फिरते, हे लोकांना नवल वाटे. आईला वाटत नसे. आमच्याकडं काकांच्या होडीतला वाटा तरी होता. मैत्रिणीकडं तोही नव्हता. सुकं नाही म्हणजे पावसाळ्यासाठी काहीच शिल्लक नाही. एका डोक्यावर घर चालेना, दुसरी पाटी उचलायला हवी होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि ती आली नाही.

बाबा तिच्या घरी गेले. मीही मागून गेले. फीचा प्रश्न नाही, पुस्तकं मी देतो, असं ते सांगत होते, आणि तिची आई मान हलवत होती, कारण प्रश्न हातांचा होता. मग ती म्हणाली,

“मास्तर, तुमी खोटं बोललात असं मी म्हननार नाय. वारा नाय, त्याला तुमी काय करनार.”

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बाबांना सोपं गेलं असतं. ते उठले आणि दुसऱ्याच दिवशी परवानगीसाठी पालघरला गेले. त्यानंतर किती वेळा गेले त्याला गणतीच नाही. बांध सरकारचा, झाडं दुसऱ्या खात्याची, त्यात खाऱ्या पाण्यापासून शेतीचं रक्षण हा तिसराच मुद्दा. या टेबलावरून त्या टेबलावर कागद फिरत राहिला. सभापतींना बसायला खुर्ची मिळे, चहा मिळे, परवानगी मिळेना. तेवढ्यात निवडणूक आली आणि बाबा पडले. आमच्याच गावातल्या पुरुषांनी त्यांना मतं दिली नाहीत. एका होडीवाल्यानं तर सरळ सांगितलं की आता बायांचीच घ्या मतं. बायांनी दिलीही असतील, पण तेवढ्यानं भागलं नाही. त्यानंतर खुर्ची आणि चहाही थांबला.

बाबा खचले. उगाच कशाला लपवू? काही महिने ते ओटीवर बसून असत आणि आल्यागेल्याशी तुटक बोलत. आई पहाटे पाटी घेऊन निघे ती त्यांच्यासमोरूनच. पण पुढच्या जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी ते उठले, खळ्याच्या काठावर गेले, चपला काढल्या आणि विचारलं, “येऊ काय?” आत जाऊन त्यांनी एकेकीजवळ बसून तिची सातवी झालेली पोर शाळेसाठी मागितली. कुणी दिली, कुणी नाही दिली. हे त्यांनी पुढं दर जूनमध्ये केलं, म्हातारपणीसुद्धा. कुठल्याही पदावर नसताना केलेलं हे काम मला त्यांच्या सगळ्या पदांपेक्षा मोठं वाटतं. आणि शाळेच्या दारातल्या चपलांचं म्हणाल, तर ती जमीन त्यांच्या लेखी कायम खळंच राहिली. तिथं शिरताना त्यांनी विचारायचं होतं आणि एकदा विचारलं नव्हतं.

इयत्ता बदलली तरी आमची खोली तीच राहिली, आणि मी अकरावीपर्यंत त्याच पहिल्या बाकावर बसले. शेजारी दुसरी मुलगी आली. मैत्रीण वाटेत भेटे, पाटी डोक्यावर असल्यामुळं मान न वळवता बोले. आज काय शिकवलं, असं विचारायची. सुरुवातीला मी सांगायचे. नंतर नंतर ती विचारीना, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा आम्ही मोजक्या मुली पास झालो, आमच्या गावच्या पहिल्याच. शाळेपुढं गर्दी झाली, गुलाल उडाला, नव्या सभापतींनी भाषण केलं. बाबा मागं उभे होते. गर्दी पांगल्यावर आई आली. बोईसरहून परत येत होती, रिकामी पाटी हातात. इतक्या वर्षांत ती शाळेच्या आत कधी आली नव्हती. त्या दिवशी म्हणाली, तू बसायचीस ती खोली दाखव.

बाबांनी कुलूप काढलं आणि ते दारातच थांबले. आई वर्गात मधोमध उभी राहिली. तिनं एका खिडकीतून देवळाचा कळस पाहिला, दुसऱ्या खिडकीतून विहिरीकडं झुकलेला ताड पाहिला, दर्यात तांडेल किनाऱ्याच्या खुणा जुळवून जागा पकडतात तशा त्या दोन खुणा जुळवल्या, दोन पावलं सरकली आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन दाबली.

“हितं माजी वलांडी,” ती म्हणाली. “तू कुठं बसायचीस?”

मी पहिला बाक दाखवला. आईनं पुन्हा दोन्ही खिडक्यांतून पाहिलं.

“ती तिच्या आयची जागा,” ती म्हणाली. “तिच्या जागेवर बसून पास झालीस. जा, सांगून ये.”

मी दाराकडं पाहिलं. बाबांनी ऐकलं होतं. त्यांची मान खाली होती आणि हातात कुलूप तसंच होतं. मी त्यांच्या शेजारून बाहेर पडले.

ताडांच्या मागं पावसाआधी सुकं भरून ठेवायची घाई चालली होती. जे काही थोडं नीट सुकलं होतं ते माझी मैत्रीण करंडीत भरत होती. तिचं लग्न ठरलं होतं, नवऱ्याचं गाव दूर होतं, तिकडच्या खळ्यावर तिला जागा मिळणार होती. माझ्या कपाळावरचा गुलाल तिनं पाहिला, तेव्हा मी काय सांगायला आले ते सांगायची गरज राहिली नाही. तिनं पदराला हात पुसले.

“गनितात किती पडले?” तिनं विचारलं.

मी सांगितलं. तिनं क्षणभर विचार केला, पूर्वी चुन्याच्या रेघेकडं बघून केला होता तसा.

“मला जास्त पडले असते,” ती म्हणाली.

“हो,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? तिनं करंडीचं तोंड बांधलं आणि पुढची ओढली.